चेंडूवरचा पाय

“मॅडम, चेंडू पळून जाऊन राहिला का कुठं?” पटले सरांनी विचारलं तेव्हा कुठे दामिनीचं खाली लक्ष गेलं. तिचा उजवा पाय चेंडूवर होता. भंडाऱ्यातल्या त्या नव्या हॉलची लाकडी जमीन लखलखत होती, वर दिव्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि मैदानाच्या बरोबर मधोमध, आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचं गाव ठरवायला नेमलेल्या तिघांच्या समितीतली ही पंचेचाळिशीची बाई चेंडू पायाखाली दाबून उभी होती. शेंडे सर हसले. पटले सर म्हणाले, “नाही, मी कितीदा पाहिलं ना. तुम्ही नेहमीच ठेवता.” दामिनीही हसली आणि तिनं पाय काढला. चेंडू जागचा हलला नाही. सपाट जमिनीवर ठेवलेला चेंडू हलत नसतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं, आणि दामिनी तर कॉलेजात मुलींना खेळच शिकवत होती. तरी ती त्या चेंडूकडे पाहत राहिली. दोघे सर प्रेक्षकांच्या खुर्च्या पाहायला पुढे निघून गेले आणि ती तिथेच उभी, हा जात का नाही, अशा काहीतरी वेड्या कुतूहलानं. तिनं पाय पुन्हा ठेवून पाहिला, पुन्हा काढला. चेंडू आपला गप्प. मग तिला लाज वाटली आणि तिनं तो उचलून काखेत मारला.

तसं पाहिलं तर समितीचं काम साधं होतं. स्पर्धा दरवर्षी भंडाऱ्यातच व्हायची. या वर्षी पवनीच्या एका कॉलेजनं जोर लावला की एकदा तरी आमच्याकडे घ्या. समितीचे अध्यक्ष पटले सर भंडाऱ्याचे असूनही पवनीच्या बाजूचे होते, कारण दरवर्षी पंगत आपल्याच दारात बसवणं बरं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. साकोलीचे शेंडे सर भंडाऱ्याच्या बाजूचे, कारण पवनीला उघड्यावरचं सिमेंटचं मैदान आणि गुडघे फुटले की जबाबदारी कोणाची. राहिली दामिनी. ती मूळची पवनीची, त्याच कॉलेजात शिकलेली, त्याच मैदानावर खेळलेली. तेव्हा तिसरं मत कुठे पडणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पवनीत तर तिच्या आईनं, निर्मलाबाईंनी, आळीतल्या बायांना कामंही वाटून दिली होती: कोणत्या घरी कोणत्या गावच्या पोरी उतरायच्या, कोणाच्या चुलीवर भात, कोणाच्या घरी भाजी. पवनीच्या मैदानाची पाहणी रविवारी होती, निर्णय सोमवारी. पण ती दोघांनी दामिनीवरच सोडून दिली. तुमचंच गाव आहे, तुम्ही पाहून या आणि सांगा, म्हणाले.

घरी आल्यावर तिनं चेंडू बैठकीतल्या फरशीवर ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. भंडाऱ्यातल्या खात रोडवरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बिल्डरनं मन लावून बांधलेला; चेंडू हलण्याचं कारणच नव्हतं. पण पाय कुठून आला? तिला शिकवलं कोणी? कोणत्याही प्रशिक्षकानं चेंडूवर पाय ठेवा असं शिकवलं नव्हतं, उलट चेंडूला पाय लावू नये असंच सांगितलेलं. तिनं डोळे मिटले तेव्हा मैदानाच्या आधी चपला दिसल्या. पवनीच्या मैदानावर पाणी प्यायला जाताना कोणी चेंडू नुसता ठेवत नसे. चेंडूपुढे चप्पल लावत. निळे पट्टे, लाल पट्टे, टाचा झिजलेल्या, आणि प्रत्येकीच्या आधारानं एक चेंडू गुमान बसलेला. चप्पल नसेल तर पाय. इतकं साधं, इतकं रोजचं, की ती चप्पल कशाला लावतात हे कोणी कोणाला विचारलं नाही. दाराला अडसर लावतो तसा चेंडूला अडसर. भूपेंद्र, तिचा नवरा, चहा घेऊन आला आणि खुर्चीसमोरच्या चेंडूकडे पाहून म्हणाला, “काय करून राहिली?” ती म्हणाली, “पाहून राहिली, जाते का.” तो थोडा वेळ तिच्यासोबत पाहत बसला. मग म्हणाला, “नाही जात,” आणि टीव्हीकडे वळला. भूपेंद्र माणूस चांगला होता. कपात चहा ओतताना तिच्या हातून किटली तोच काढून घ्यायचा, राहू दे, तुझा हात थरथरतो, म्हणायचा. गाडी हायवेला लागली की चाक तोच घ्यायचा. हात थरथरतो हे वाक्य त्याचं नव्हतं. ते तिनंच लग्नानंतर त्याला दिलं होतं, आणि तिलाही कोणीतरी दुसऱ्यानंच दिलं होतं.

नागपूरला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष. पवनीच्या मैदानावर फाउलच्या रेषेवरून दामिनीचा चेंडू चुकत नाही अशी ख्याती होती. संध्याकाळी घाटावरून परतणारी म्हातारी माणसंसुद्धा तारेच्या कुंपणाशी थांबून तिचे चेंडू पाहत. आणि नागपूरला, त्या सपाट, बंद, गोंगाट घुमणाऱ्या हॉलमध्ये, तिनं रेषेवर उभं राहून टाकलेला पहिला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळला आणि बाहेर आला. दुसराही तसाच. तिसराही. ती थांबली, श्वास घेतला, बोटं पुसली, नेहमी टाकते तसाच टाकला, अगदी तसाच, आणि पुन्हा तो मागच्या कडेचा आवाज. निवड करणाऱ्यांपैकी एक जाड भिंगाचे गृहस्थ तिला जवळ बोलावून मायेनं म्हणाले, “पोरी, खेळ चांगला आहे तुझा. पण मोठ्या जागी तुझा हात थरथरतो.” तिनं तिथेच आपल्या हाताकडे पाहिलं होतं. हात स्थिर होता. पण इतका मोठा माणूस म्हणतो तर थरथरत असणार, आपल्याला दिसत नसेल, असं तिच्या मनानं लगेच कबूल केलं. पवनीत कोणालाच नवल वाटलं नाही. पवनीच्या पोरी बाहेर गेल्या की बिचकतात, हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. भंडाऱ्याला जाऊन प्रत्येक संघ हरून यायचा आणि निर्मलाबाई म्हणायच्या, चालायचंच, आपल्या पोरीले सवय नाही शहराची. दामिनीनं त्यानंतर रिंगकडे चेंडू टाकला नाही. शिट्टी घेतली. वर्गात नेम कसा धरायचा हे दाखवायची वेळ आली की ती एखाद्या मुलीला पुढे बोलवायची, आणि आपण बाजूला उभं राहून कोपर, मनगट, गुडघा अशी नावं घ्यायची. पुण्याला एका मोठ्या संस्थेत बोलावलं होतं, गेली नाही. मोठी जागा.

रविवारी सकाळी ती एकटीच निघाली. बसनं, गाडी चालवायची तर अड्याळच्या पुढे ट्रक असतात. धान कापणीचे दिवस होते. बांधाबांधांवर पेंढ्या पडलेल्या, काही बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, अजून पिवळ्या, काही नुसते खुंट उरलेल्या. तिला वाटत होतं आपण मैदान पाहायला चाललो आहोत, आणि खरं तर ती आपला पाय पाहायला चालली होती. हे कळून तिला स्वतःचंच हसू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं बाई?” ती म्हणाली, “काही नाही, गावाला चालली.” त्या बाईला ते कारण पुरेसं वाटलं.

निर्मलाबाई दारातच होत्या. “आली का? ठरलं ना सगळं?”

“नाही ठरलं अजून आई. पाहायला आली.”

“पाहायचं काय त्यात? तुयंच मैदान आहे. तुयाच हातात आहे ना ठरवणं.” असं म्हणून त्यांनी शकुनबाईकडे गोंदियाच्या पोरी उतरवल्या आणि सत्यभामाबाईकडे तुमसरच्या, कारण सत्यभामाबाईची सून तुमसरची आहे, हे एका दमात सांगून टाकलं. आईला एवढी हौस असू शकते हे दामिनीनं पूर्वी पाहिलं नव्हतं. आपली पोर बाहेर जाऊन हरून आली, त्या गोष्टीचं उट्टं ही बाई सगळ्या मुलखाच्या पोरींना भात वाढून काढणार होती. दामिनीला एकदम भरून आलं, आणि चहाही न घेता ती मैदानाकडे गेली.

मैदानाच्या फाटकाकडचा अर्धा भाग धानानं भरला होता. त्यात नवल नव्हतं. कॉलेजला जागा दिली ती गावच्या चार घरांनी, आणि देतानाच सांगून ठेवलं की सुगीत आमचं धान इथेच वाळेल. पुढे त्या मोकळ्या जागेवर सिमेंट पडलं, रिंगा उभ्या राहिल्या, पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या, पण शब्द तो शब्द. सुगी आली की फाटकाकडच्या अर्ध्या मैदानावर धान आणि पलीकडच्या अर्ध्यावर पोरी. फाटकाकडचा रिंगचा खांब तर पहिल्याच वर्षी ट्रॉली मागे घेताना वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्यामुळे पवनीच्या सगळ्या पोरी एकाच रिंगवर खेळून मोठ्या झाल्या, पलीकडच्या. या वर्षी स्पर्धेच्या आशेनं तो खांब सरळ करून रंगवला होता. आणि त्याच्या सावलीत सेवकराम काका पायानं धान उलथत फिरत होते. अनवाणी, दोन्ही पाय घासत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, धानात नांगरल्यासारख्या रेघा उठवत. जागा देणाऱ्या चार घरांतलं एक घर त्यांचं. पलीकडच्या रिंगवर त्यांची नात गुंजन चेंडू टाकत होती. पवनीच्या संघाची कप्तान, शेवटचं वर्ष. दामिनी तिला तिसऱ्या वर्षी पाहत होती. भंडाऱ्याच्या हॉलमध्ये दोन्ही वर्षं ती रेषेवरून चुकली होती, आणि पंचांच्या खुर्चीत बसलेल्या दामिनीनं मनात म्हटलं होतं, हिचाही थरथरतो.

इथे गुंजन चुकत नव्हती. चेंडू वर जायचा, जाळीतून सळकन खाली यायचा, एकदा टप्पा घ्यायचा आणि मग, आणि मग आपण होऊन तिच्याकडेच घरंगळत यायचा. तिला आणायला जावं लागत नव्हतं. दामिनी ते पाहत राहिली. लहानपणी तिला वाटायचं की चेंडूला आपण आवडतो.

“मॅडम,” गुंजन चेंडूवर पाय ठेवून म्हणाली, “इथंच घ्या ना स्पर्धा. विद्यापीठाचे लोक पाहायला येतेत म्हणे, संघ निवडायला. इथं झाली तर मी नाही चुकत, पाहा तुम्ही. भंडाऱ्यात मले काय होते माहीत नाही. सगळे मागे लागते.”

“मागे?”

“हो ना. रिंगच्या मागच्या कडीले. लागते आन् बाहेर. लोक म्हणते घाबरते म्हणून. असन घाबरत.”

असन घाबरत. इतक्या वर्षांनी तोच आवाज, मागच्या कडेचा, आणि दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. भीतीनं हात थरथरला तर चेंडू कधी डावीकडे जाईल, कधी आखूड पडेल, कधी नुसता हवेतच जाईल. भीतीला इतकी शिस्त कुठून आली, की दोन वेगळ्या पोरींचे चेंडू ती नेमके एकाच जागी नेऊन आपटते? तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मैदानाच्या मधल्या वर्तुळात थोडं पाणी ओतलं. पाणी आधी गोल पसरलं. मग त्यानं एक जीभ काढली, अंदाज घेतला, आणि निघालं: रेषा ओलांडून, वळण न घेता, सरळ फाटकाकडे, सेवकराम काकांच्या धानाच्या रोखानं.

“अवो, धानाकडे कायले पाणी सोडून राहिली बाई,” काका म्हणाले आणि त्यांनी पायानंच धानाची कड मागे ओढली.

“काका, इथं उतार आहे?”

“आहेच ना. कायले नसन?” काकांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “सिमेंट टाकलं तवा मिस्त्रीले आम्हीच उभं राहून सांगतलं. म्हटलं, बापा, खळं करतो तसं कर. अवकाळी पाणी आलं का क्षणात वाहून गेलं पाहिजे, थांबलं का धान गेलं. लय ध्यान देऊन केलं त्यानं. थेंब नाही थांबत, पाहून घे.” ते अभिमानानं सांगत होते आणि अभिमान वाटावा असंच काम होतं. एवढ्या वर्षांत या फरशीवर कोणाचं धान कुजलं नव्हतं. खेळाचं मैदान सपाट असावं लागतं हे मिस्त्रीला कोणी सांगितलं नाही, कारण हे मैदान आहे असं त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आणि ज्यांच्या डोक्यात होतं, ते प्राध्यापक उद्घाटनाला आले, फीत कापली आणि खालून वर चालत गेले; दम लागला असेल तर तो वयाचा वाटला असेल.

दामिनी फाउलच्या रेषेवर जाऊन उभी राहिली आणि वाकून रिंगच्या खांबाच्या बुंध्याकडे पाहिलं. आता दिसत होतं. एकदा दिसलं की न दिसणं शक्यच नव्हतं. खांबाखालची जमीन तिच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा चार बोटं तरी वर होती; म्हणजे रिंगही तिच्यापासून चार बोटं जास्त उंच. या रेषेवर रोज उभं राहणाऱ्या पोरीचा हात ती चार बोटं न मोजता मोजून घेतो, आणि थोडं जास्त बळ लावायला शिकतो. मग ती पोर सपाट जमिनीवर जाते. हात आपलं शिकलेलं काम बिनचूक करतो, आणि चेंडू चार बोटं लांब जातो. मागच्या कडेवर. हात थरथरला असता तर एखादा तरी आत पडला असता, असं तिच्या मनात आलं. तिचा हात त्या दिवशी थरथरला नव्हता. नागपूरच्या त्या सगळ्या हॉलमध्ये तिच्या हाताइतका स्थिर हात बहुधा दुसरा नव्हता.

आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं आणि ते आनंदासारखं नव्हतं. कुंपणाशी सिमेंटच्या बाकावर ती बसली आणि कुतूहलानंच, जुन्या ट्रंकेतले कपडे एकेक करून उजेडात धरून पाहावेत तशी, आपल्या गोष्टी पाहू लागली. पुण्याला न जाणं. हायवेवर चाक न धरणं. भूपेंद्रला किटली देऊन टाकणं. सभेत बोलायची वेळ आली की शेजारच्याला पुढे करणं. या सगळ्यांच्या बुडाशी तो एक थरथरता हात ठेवलेला होता, त्याच्यावर सगळं रचलेलं होतं, आणि आता खालून कोणी तो हातच काढून घेतला. थरथरता हात नव्हताच, तर मग हे सगळं कशानं झालं? ती जाऊ शकत होती. जाता येत असून ती गेली नाही. त्या जाड भिंगाच्या माणसाचा राग यावा असं तिला वाटलं, पण तो बिचारा चेंडू पाहत होता, उतार त्याला कुठून दिसणार. मिस्त्रीचा राग येत नव्हता, काकांचा येत नव्हता. राग आला तो स्वतःचा, इतकाच, की तिनं कधी विचारलं नाही. चेंडू नेहमी एकाच कडेला लागतो हे ऐकूनसुद्धा तिनं का म्हणून विचारलं नाही. कोणीतरी उत्तर दिलं आणि तिनं ते घेऊन टाकलं. तिकडे गुंजन एकामागून एक चेंडू जाळीतून उतरवत होती.

मग खरा प्रश्न समोर आला, आणि तो पाण्याइतका सरळ चालत आला. स्पर्धा पवनीला दिली तर गुंजन या रिंगवर चमकणार. बाहेरच्या पोरींना आपलं काय चुकतंय हे कळणार नाही. एका रिंगवर आखूड, दुसरीवर लांब, आणि त्या बिचकल्या असं म्हटलं जाईल. विद्यापीठाचे लोक गुंजनला उचलतील, ती मोठ्या सपाट हॉलमध्ये जाईल, पहिला चेंडू मागच्या कडेवर आदळेल, आणि कोणीतरी मायाळू माणूस तिला जवळ बोलावेल. स्पर्धा भंडाऱ्याला दिली तर तेच सगळं लवकर होईल, एवढंच. आणि गावाच्या दृष्टीनं, आईच्या दृष्टीनं, शकुनबाईच्या चुलीच्या दृष्टीनं, पवनीची पोर पवनीच्या ताटातला घास काढून घेईल. दामिनीनं काकांना विचारून पाहिलं, “काका, फरशी सपाट केली तर?” काकांनी धानाकडे पाहिलं, रिंगकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. “करू म्हणत असशीन तर करू,” ते हळूच म्हणाले, “पण मग धान कुठं नेऊ बाई?” ते विचारत होते, नाही म्हणत नव्हते.

सोमवारी पटले सर कागद पुढे ओढून म्हणाले, “चला मॅडम, पवनी ना?” दामिनी म्हणाली, “नाही. भंडारा.” शेंडे सरांनीच चमकून वर पाहिलं. तिनं कारण सांगितलं, मैदानाला उतार आहे, खेळाचा नाही, धानाचा. पटले सरांनी पेनाला टोपण लावलं. “हे तुम्ही नसतं सांगितलं तर कोणाला कळलं नसतं,” ते म्हणाले. “नाही ना,” दामिनी म्हणाली, “म्हणूनच.” संध्याकाळी आईचा फोन आला. निर्मलाबाई रागावल्या नाहीत, हळू आवाजात म्हणाल्या, “सगळं जग हिंडून आली, आन् तुले आपल्याच घरचा उतार दिसला.” आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर दामिनीनं केले तेवढे फोन शेजारच्या शकुनबाईच्या सुनेनं उचलले आणि आई झोपली आहे म्हणून सांगितलं, भर दुपारीसुद्धा.

गुंजन मात्र स्वतःच आली. बसनं, कॉलेज बुडवून, खांद्याला जाळीत चेंडू, आणि दामिनीच्या कॉलेजच्या व्यायामशाळेच्या दारात उभी राहून तिनं सरळ विचारलं, “काहून केलं तुम्ही असं?” डोळे रडून सुजलेले होते. दामिनीनं बस म्हटलं, ती बसली नाही. पाणी घे म्हटलं, घेतलं नाही. जाळीतून चेंडू काढून तिनं खाली ठेवला, कारण हातात काहीतरी होतं ते कुठेतरी ठेवायचं होतं, आणि सवयीनं त्याच्यावर पाय ठेवला.

“पाय काढ,” दामिनी म्हणाली.

“काय?”

“चेंडूवरचा पाय काढ.”

गुंजननं पाय काढला. चेंडू तिथेच राहिला. ती आधी दामिनीकडे पाहत होती, मग चेंडूकडे पाहू लागली. मघाशी तिनं न घेतलेला पाण्याचा ग्लास दामिनीनं उचलला आणि फरशीवर थोडं पाणी सांडलं. ते गोल पसरलं आणि थांबलं. गुंजन खाली बसली. तिनं एका बोटानं त्या पाण्याला ढकलून पाहिलं. “आमच्या इथं पळते हे,” ती म्हणाली. ती तशीच उकिडवी बसून होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता तिथे हळूहळू दुसरंच काही यायला लागलं, दामिनीला अगदी ओळखीचं, त्या दिवशी हॉलमध्ये पाय काढल्यावर आपल्या चेहऱ्यावर आलं असेल तसं. “म्हणजे मी घाबरत नाही?” गुंजननं विचारलं.

“ते मले माहीत नाही,” दामिनी म्हणाली. पवनीची बोली तिच्या तोंडात इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदा आली. “घाबरतही असशीन. पण चेंडू त्यानं मागे नाही लागत.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या संघांना हॉल सरावासाठी मोकळा होता. पवनीच्या पोरी दुपारी आल्या. त्यांच्यासोबत सेवकराम काका आले होते, आणि काकांसोबत, हातात मोठा डबा घेऊन, निर्मलाबाई. त्या दामिनीशी बोलल्या नाहीत. डबा पोरींचा आहे एवढं डब्याकडे पाहून म्हणाल्या आणि वरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दामिनी मैदानाच्या कडेला पंचांच्या बाकावर बसली. गुंजन रेषेवर आली, चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर पाहिलं. दामिनीनं तिला नेम बदल, मागे सरक, असं काही सांगितलं नव्हतं. सांगता आलं असतं, पण हाताला नवी जमीन हातानंच शिकायला हवी. चेंडू उठला, दिव्यांच्या रांगेपर्यंत गेला, आणि रिंगच्या मागच्या कडेवर आदळून बाहेर आला. हॉलभर तोच आवाज. दामिनीची बोटं बाकाच्या कडेला घट्ट आवळली गेली. वर निर्मलाबाईंनी पदर तोंडाशी नेला, त्यांनाही तो आवाज ऐकून ठाऊक होता. गुंजन मात्र मागे वळली आणि हसली. “लांब गेला, मॅडम,” ती म्हणाली.

एवढंच. लांब गेला. पंचवीस वर्षांत हे दोन शब्दांचं साधं उत्तर कोणालाच सुचलं नव्हतं, दामिनीलासुद्धा नाही. चेंडू घरंगळत तिच्यापर्यंत आला आणि बाकापाशी, तिच्या बुटापासून जरा अंतरावर, आपण होऊन थांबला. गुंजन हात पुढे करून उभी होती. दामिनी उठली. तिनं चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि पोरीला द्यायच्या आधी एकदा रिंगकडे पाहिलं, किती दूर आहे ते. तिचे हात थरथरत होते. अगदी उघड, वर बसलेल्या आईलाही दिसेल इतके. तिनं ते तसेच थरथरू दिले, आणि चेंडू रिंगकडे टाकला.